आकाशातील आक्रमण आणि भूमीवरील रक्षक

भोपाळच्या दक्षिण भागातील अरेरा कॉलनी ही नव्या राजधानीच्या विस्ताराची वसाहत होय. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. साहजिकच कचेऱ्यांबरोबर कित्येक मराठी नोकरदार कुटुंबेही नागपुराकडून इकडे आली व येथेच स्थिरावली. अशा घरांतून सायंकाळी देवापुढे निरांजन लागते, आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत नातवंडे पडद्यावर आकाशातून उतरणाऱ्या परग्रहवासी शत्रूंशी झुंजत असतात. वडीलधारी मंडळी विचारतात, या खेळात कालहरणापलीकडे काही आहे काय? द्यूताने एका राजकुळाची जी दशा केली ती ज्यांनी वाचली आहे, त्यांनी कोणत्याही खेळाविषयी सावध असावे हे योग्यच. तथापि या खेळात एक जुनी विद्या दडलेली आहे असे आम्हांस वाटते. ती विद्या म्हणजे रक्षणाची युक्ती. भोपाळच्या भूमीने तिचा एक मोठा पाठ 1737 साली पाहिला आहे, आणि महाभारताच्या वनपर्वात तर आकाशातून आलेल्या शत्रूचीच कथा आहे.

प्रथम खेळाचा इतिहास पाहू. 1978 साली जपानमधील ताइतो या कंपनीत तोमोहिरो निशिकादो या अभियंत्याने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला. शत्रू म्हणून माणसे घ्यावीत तर माणसावर गोळी झाडण्याचा खेळ अनुचित ठरतो, अशी अडचण होती. म्हणून त्याने शत्रू परग्रहावरून आणला. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी 1898 साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील अष्टपादासारख्या प्राण्यांची छाया निशिकादोच्या आकृतींवर पडली. या खेळात अकरा अकरांच्या पाच रांगा, म्हणजे एकूण 55 शत्रू, आडवे सरकत येतात. पडद्याची कड लागली की सारी फळी एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेने चालू लागते. खाली खेळणाऱ्याची एकच तोफ असते व तिच्यापुढे चार बुरूज असतात. हे बुरूज शत्रूच्या माऱ्याने ढासळतात, तसेच आपल्या स्वतःच्या गोळ्यांनीही ढासळतात.

यातील पहिला धडा मोजमापाचा आहे. पडद्यावर आपली एका वेळी एकच गोळी असू शकते. ती नेम चुकून वर निघून गेली, तर ती नाहीशी होईपर्यंत हात बांधलेले. अंदाधुंद गोळीबार करणारा म्हणून बहुतेक वेळ निःशस्त्रच उभा असतो. दुसरा धडा गतीचा. त्या यंत्राचा गणक एका सेकंदाच्या साठाव्या भागात एकाच शत्रूला हलवू शकत असे. 55 शत्रू असताना सगळी फळी एक पाऊल टाकावयास जवळजवळ पूर्ण सेकंद लागे; शत्रू मरत गेले की तीच फळी वेगाने धावू लागे, आणि अखेरचा एकटा शत्रू सर्वांत चपळ ठरे. हे मूळचे यंत्राचे वैगुण्य. परंतु निशिकादोने ते तसेच राहू दिले, आणि खेळाचा सारा थरार त्यातूनच निर्माण झाला. घटलेल्या शत्रूला दुबळा समजू नये, हे आपल्याकडे अग्नी, ऋण आणि शत्रू यांचा शेष ठेवू नये या वचनाने सांगितलेलेच आहे.

तिसरा धडा खऱ्या अर्थाने युक्तीचा आहे. नवशिका खेळाडू समोर दिसेल त्याला मारतो. जाणता खेळाडू प्रथम फळीच्या कडेचे उभे स्तंभ साफ करतो. फळी अरुंद झाली की तिला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अधिक अंतर चालावे लागते, आणि तितकी ती उशिरा खाली उतरते. म्हणजे त्याने शत्रू मारून वेळ विकत घेतला. वरून मधूनमधून जाणाऱ्या गूढ यानाचे गुणही असेच मोजून मिळतात. आपली तेविसावी गोळी, व त्यानंतरची प्रत्येक पंधरावी गोळी त्या यानास लागली, तर 300 गुण पदरात पडतात. जपानी खेळाडूंनी तर एक विलक्षण डाव शोधून काढला व त्यास नागोया शहराचे नाव मिळाले. शत्रू अगदी शेवटच्या पायरीवर येईपर्यंत थांबावयाचे. कारण तेथे त्याच्या गोळ्या तोफेच्याही खाली उमटतात व आपणांस लागत नाहीत. संकटाच्या अगदी निकट जाऊन निर्भय होण्याचा हा प्रकार. मात्र फळीने आणखी एक पायरी उतरून जमीन गाठली, की हाती कितीही तोफा शिल्लक असोत, खेळ तत्क्षणी संपतो.

आता भोपाळकडे वळू. 1737 च्या वसंतात पहिले बाजीराव पेशवे दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकून आले, तेव्हा बादशहा महंमदशहाने निजामुल्मुल्क यास मदतीस बोलाविले. मराठ्यांना माळव्यातून हुसकून लावण्याचे काम पत्करून निजाम मोठ्या तोफखान्यासह दक्षिणेकडे निघाला आणि डिसेंबर 1737 मध्ये भोपाळास पोहोचला. बाजीराव नर्मदा उतरून समोर आले. निजामाने शहराच्या तटाचा व तलावाचा आश्रय घेतला आणि तोफांचे कडे उभे केले. समोरासमोर धडक मारण्यास ते स्थळ अवघड होते, हे बाजीरावांनी ओळखले. त्यांनी तोफांच्या तोंडी घोडदळ घातले नाही. शहराभोवती फौज फिरती ठेवली, वाटा रोखल्या, धान्य आणि वैरण आत जाऊ दिली नाही. दक्षिणेतून निजामाचा पुत्र नासिरजंग मदत घेऊन येण्याचा संभव होता. म्हणून चिमाजी अप्पा आधीच खानदेशात तापीच्या बाजूस वाट अडवून बसले होते. आत दाणावैरण महागली, जनावरे मरू लागली. निजामाने तोफांच्या आडोशाने बाहेर पडून सरकण्याचा प्रयत्न केला, पण अवजड तोफखान्यासह दिवसाकाठी थोडीच वाट चाले, आणि मराठी स्वार पाठ सोडीत नसत. अखेर 7 जानेवारी 1738 रोजी भोपाळजवळील दुराहे सराई येथे तह झाला. संपूर्ण माळवा आणि नर्मदा व चंबळ यांमधील प्रदेशावरील हक्क मराठ्यांस देण्याचे, तसेच युद्धखर्चापोटी 50 लक्ष रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचे निजामाने मान्य केले.

ही मोहीम आणि तो पडद्यावरील खेळ शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे एक गंमत ध्यानात येते. त्या पहिल्या खेळात खेळणारा निजामाच्या जागी उभा असतो! बुरुजांचा आडोसा, एका जागी खिळलेली तोफ, आणि क्षणोक्षणी आवळत येणारे कडे. बुरूज सुरक्षितता देतात असे वाटते. वस्तुतः ते केवळ थोडा अवधी देतात. निजामाने त्या अवधीचा उपयोग मदतीची वाट पाहण्यात केला, आणि ती मदत तर चिमाजी अप्पांनी मुळातच छाटून टाकली होती. जाणता खेळाडू बुरुजामागे वाट पाहत नाही. मिळालेल्या अवधीत तो फळीच्या कडा कापतो. आडोसा घ्यावा, पण आडोशाच्या भरवशावर राहू नये, हे भोपाळच्या तटाने एका मुरब्बी सेनापतीस शिकविले. निजाम काही सामान्य योद्धा नव्हता. म्हणूनच तो धडा मोलाचा.

खेळांची पुढील पिढी लवकरच आली. 1979 साली नामको या जपानी कंपनीच्या 'गॅलॅक्सियन' मध्ये शत्रू फळी मोडून एकेकटे झेप घेऊ लागले. त्याच कंपनीच्या 1981 च्या 'गॅलागा' या खेळात तर बंदिवासाचा डाव आला. शत्रूचा नायक एक प्रकाशझोत टाकून आपले यान ओढून नेतो. येथे निष्णात खेळाडू, हाती दुसरे यान शिल्लक असेल तर, पहिले यान जाणूनबुजून पकडू देतो. मग तो नायक बंदी यानासह झेपावत खाली येतो, तेव्हा यानास धक्का न लावता नेमका नायकास मारतो. सुटलेले यान आपल्या यानाशेजारी येऊन जोडले जाते आणि मारा दुप्पट होतो. परंतु यानांची रुंदीही दुप्पट होते, म्हणजे शत्रूला नेम धरणे तितकेच सोपे होते. काही फेऱ्यांत शत्रू गोळी न झाडता केवळ चाळीस जणांचे संचलन करतात. तेथे चाळीसही टिपले तर 10,000 गुण अधिक मिळतात, आणि तेथेच जोडयान खरे कामास येते. कमावलेल्या प्रत्येक बळाबरोबर त्याच्या रक्षणाचा भारही येतो, हे राज्य वाढविणाऱ्या प्रत्येकास कळलेले सत्य या लहानशा डावात आहे.

तथापि आमच्या मते या परंपरेतील सर्वांत अर्थपूर्ण खेळ अमेरिकेतील विल्यम्स कंपनीचा 'डिफेंडर' होय. यूजीन जार्व्हिस याने रचलेला हा खेळ 1981 च्या आरंभी लोकांसमोर आला. येथे खेळणारा एका जागी खिळलेला नाही. त्याचे यान डावीउजवीकडे मुक्तपणे धावते. जमिनीवर दहा माणसे आहेत. परग्रहवासी त्यांना उचलून वर नेऊ पाहतात. उचललेला माणूस वरच्या कडेपर्यंत नेला गेला, तर तो शत्रू अधिक उग्र रूप धारण करतो. आणि दहाही माणसे गेली, तर ग्रहच फुटतो व सर्व अपहर्ते तसेच उग्र होतात. या खेळाची मुख्य युक्ती अशी की डोळे आपल्या यानावर ठेवू नयेत. पडद्याच्या शिरोभागी सर्व रणभूमीचा एक लहान नकाशा असतो. निष्णात खेळाडू त्यावर दृष्टी ठेवून ज्या कडेला माणूस उचलला जात आहे तिकडे धाव घेतो. बाजीरावांच्या वेगवान हालचालींचा पाया हेरांच्या बातमीवर होता. येथे तो नकाशा हेच काम करतो. शत्रूला मारल्यावर माणूस खाली कोसळू लागतो, त्याला वरच्यावर झेलून जमिनीवर आणून ठेवावे लागते. समोरच्या शत्रूचे गुण सोडून दूरच्या माणसाकडे वळणे हेच त्या खेळातील खरे कौशल्य.

येथे वनपर्वातील सौभवधाची कथा सहज आठवते. शिशुपालाच्या वधाने संतापलेला शाल्व आपल्या सौभ या आकाशगामी नगरातून द्वारकेवर चालून आला. श्रीकृष्ण त्या वेळी इंद्रप्रस्थास होते. त्यांच्या पश्चात द्वारकेने केलेली तयारी वाचण्यासारखी आहे. नगरात मद्यपान बंद करण्यात आले, नट, नर्तक व गायक यांना बाहेर पाठविले, पूल तोडले, नौका थांबविल्या, खंदकांत शूळ रोवले, सैन्याचे वेतन पूर्ण चुकते केले, आणि मुद्रेवाचून कोणासही आतबाहेर जाऊ दिले नाही. शस्त्राचा पहिला प्रहार होण्यापूर्वी नगराची शिस्त उभी राहिली होती. पुढे प्रद्युम्न रणात मूर्च्छित झाला, तेव्हा सारथ्याने त्याचा रथ बाहेर काढला. शुद्धीवर येताच प्रद्युम्नाने त्यास दोष देऊन पुन्हा रथ फिरविला. नंतर श्रीकृष्णांनी समुद्रावर शाल्वाला गाठले, तेव्हा त्याने मायेने वसुदेव मरून आकाशातून पडत असल्याचे दृश्य दाखविले. श्रीकृष्णही क्षणभर विचलित झाले. परंतु ते सावरले, माया ओळखली, आणि सुदर्शनाने सौभाचे दोन तुकडे केले.

ही कथा श्रीकृष्ण वनात युधिष्ठिरास का सांगतात, हे विसरता कामा नये. द्यूत चालले असता आपण का आलो नाही, याचे ते उत्तर देत आहेत. आकाशातील शत्रूशी लढण्यात ते गुंतले होते, आणि त्याच काळात हस्तिनापुरात फाशांनी एका कुळाचे सर्वस्व हरण केले. एक रण जिंकले जात असता दुसरीकडे रक्षणास कोणी नव्हते. युक्तीची मर्यादा इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोठे सांगितली असेल.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या प्रश्नास आमचे उत्तर असे. या जुन्या खेळांत अंतिम विजय नसतो. एक फळी संपली की पुढची येते, आणि प्रत्येक वेळी ती अधिक त्वरेने खाली येते. अशा ठिकाणी किती मारले यापेक्षा काय राखले याला अधिक मोल आहे. नातवाला खेळापासून उठविताना 'किती गुण झाले' असे विचारण्याऐवजी 'दहांपैकी किती माणसे वाचली' असे विचारावे. त्याच बैठकीत त्याला भोपाळच्या तटाची आणि द्वारकेच्या मुद्रेची गोष्टही सांगावी. पडदा बंद झाल्यावरही घर, गाव आणि देवालय राखण्याचे काम उरतेच, आणि त्या कामास मोजून झाडलेली गोळी, दूरवर ठेवलेली नजर व मायेला न भुलणारे मन ही तिन्ही लागतात.