ठेठरी-खुरमी

छत्तीसगढातील पोळा आणि तीजा या सणांचे तळणीचे पदार्थ. ठेठरी खारी, खुरमी गोड; नावे मात्र जोडीनेच घेतली जातात. भिलाई-दुर्गकडे ही तळणी लहान मुलांना हाताशी घेऊन करता येते, आणि हे वाटते तितके किरकोळ नाही.

खुरमीला गव्हाचे रवाळ पीठ लागते; काही घरी त्यात थोडे तांदळाचे पीठ असते. तीळ, खोबऱ्याचे काप, तुपातेलाचे मोहन घालून गुळाच्या पाण्यात ते घट्ट भिजवतात. मोहनाची परीक्षा शंकरपाळ्यांसारखीच: मुठीत दाबलेल्या पिठाचा मुटका सुटता कामा नये. गोळी चाळणीच्या किंवा सुपाच्या पाठीवर अंगठ्याने दाबली की नक्षी उमटते. ठेठरी बेसनाची, त्यात मीठ, ओवा, मोहन. लांब वळी करून ती दुमडतात व पीळ देतात. मराठी माणसाला हटकून कडबोळी आठवते. खुरमी शिवलिंगाची आणि ठेठरी जलाधारीची खूण, असाही एक अर्थ सांगतात.

दोन्हींची तळणी मंद आचेवर. खुरमीत तर जास्तच सबुरी हवी, कारण गूळ झटकन करपतो आणि आत पीठ कच्चे राहते.

तुलनेसाठी अमेरिकेतल्या चिनी उपाहारगृहांतली फॉर्च्यून कुकी पाहावी. तिचे मूळ जपानात, क्योटोकडच्या भविष्यचिठ्ठीच्या खाऊत आहे. मैदा, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याची पातळ चकती भट्टीतून काढल्यावर काही सेकंदांतच, चिठ्ठी ठेवून दुमडावी लागते. थंड झाली की मोडते. म्हणजे मुलांचा उत्साह आणि चटका एकाच क्षणी. खुरमीत हातकाम सगळे विस्तवाआधी संपते. मुले पाटावर, कढई मोठ्यांकडे.

छत्तीसगढी पोरा आणि महाराष्ट्राचा पोळा एकाच अमावास्येला येतात. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त गणनेत ती भाद्रपदाची, आपल्या अमान्त पंचांगात श्रावणाची. या दिवशी मातीच्या बैलांची पूजा करून ठेठरी-खुरमीचा नैवेद्य दाखवतात. मुलगे चाकाचा ‘नंदिया बइला’ ओढतात, मुली मातीच्या जात्या-भांड्यांशी खेळतात. नागपूर-वर्ध्याकडचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी भरतो, एवढाच फरक. तीजा, म्हणजे आपली हरतालिका, भाद्रपद शुद्ध तृतीयेला येते. त्यासाठी लेकी माहेरी येतात आणि डबा पुन्हा भरावा लागतो.

भिलाईत या पदार्थाला शेजार मोठा मिळाला. सोव्हिएत सहकार्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार 1955 साली झाला, पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये सुरू झाली आणि देशभरातून माणसे वसाहतीच्या सेक्टरांत राहायला आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. विदर्भातून आलेल्यांना पोळा नवा नव्हता. नवी होती ती खुरमीची नक्षी.

खुरमी कोरड्या डब्यात बरेच दिवस टिकते. मुलांच्या हातची वाकडीतिकडी मात्र शेवटच्या घाण्यात तळतात, आणि ती डब्यापर्यंत क्वचितच पोचते.