कार्लाइलच्या मुलांचा १९११ चा हंगाम

आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत आजवर कुलवृत्तांत, वसतिगृहाचा अहवाल आणि गुणवंतांचे अभिनंदन येत आले आहे. तीत परदेशातील एका शाळेच्या फुटबॉल संघाची हकीकत देण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच होय. हकीकत संपेल तेव्हा प्रयोजन आपोआप ध्यानी येईल, असा भरवसा वाटतो.

अमेरिकेच्या पेन्सिल्वेनिया राज्यात कार्लाइल नावाचे गाव आहे. तेथील जुन्या लष्करी छावणीत १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या सेनाधिकाऱ्याने तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांकरिता एक निवासी औद्योगिक शाळा काढली. या लोकांना आपल्याकडे पुष्कळ दिवस ‘रेड इंडियन’ म्हणत आले. मुले शेकडो मैलांवरून आगगाडीने आणली जात. आल्याबरोबर त्यांचे लांब केस कापीत, अंगावर गणवेश चढवीत, नवे नाव देत आणि मातृभाषा बोलण्यास बंदी करीत. मुलातील मूळ माणूस पुसून टाकल्यावाचून तो सुधारणार नाही, असे प्रॅटचे मत होते. अर्धा दिवस अक्षरे आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम किंवा शिवणकाम, असा तेथील क्रम असे.

याच शाळेत फुटबॉलचा संघ तयार झाला. अमेरिकेचा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. चेंडू लांबट असतो, तो हाती धरून धावावयाचे आणि समोरच्याने त्यास अंगाने पाडावयाचे. या धुमश्चक्रीत १९०५ साली खेळाडूंचे मृत्यू ओढवले, म्हणून १९०६ साली नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास मुभा मिळाली. कार्लाइलची मुले प्रतिपक्षाच्या मानाने हलक्या अंगाची होती. ग्लेन वॉर्नर या त्यांच्या शिक्षकाने वजनाचा नाद सोडून चपळाई, फसव्या चाली आणि चेंडूफेक यांवर भर दिला. अंगबळाची उणीव बुद्धीने कशी भरून काढावी, याचा तो उत्तम धडाच होता.

१९११ च्या हंगामात या संघात जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स जमातीचा तरुण होता. दोन वर्षे बाहेर राहून तो नुकताच शाळेत परतला होता. पिट्सबर्ग १७-०, लाफायेट १९-०, पेन्सिल्वेनिया विद्यापीठ १६-० अशी एकामागून एक मैदाने संघाने मारली. ११ नोव्हेंबर रोजी गाठ पडली ती हार्वर्डशी. हार्वर्ड म्हणजे अमेरिकेतील सर्वांत जुने विद्यापीठ. त्यांच्या शिक्षकाने आपले निवडक गडी आरंभी राखून ठेवले होते. थॉर्पचे पाय दुखावलेले असून त्यांस पट्ट्या बांधलेल्या होत्या. तशाही स्थितीत त्याने लाथेने चार वेळा चेंडू खांबांमधून पार केला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रत्येकी ३ म्हणजे १२ गुण त्या चार लाथांचे होते. कार्लाइलचे १८ झाले व हार्वर्डचे १५. उशिरा उतरविलेल्या निवडक गड्यांचा काही उपयोग झाला नाही.

पुढच्याच शनिवारी सिरॅक्यूजने याच संघास १२-११ असे, अवघ्या एका गुणाने हरविले. त्या हंगामातील ही एकच हार. मोठ्या विजयानंतरचा आठवडा कसा घातकी असतो, हे शाळांचे सामने पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको. अकरा विजय व एक पराजय अशी हंगामाची अखेर झाली.

त्याच वर्षी, २९ जुलैस, कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे हरवून शील्ड जिंकली. त्यांचे बहुतेक गडी अनवाणी होते. त्याच उन्हाळ्यात आपले बाळू पालवणकर इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेत होते. चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या या गोलंदाजास मायदेशी चहा मात्र वेगळ्या भांड्यातून मिळत आला होता. मैदानावर मान आणि मैदानाबाहेर अपमान, ही रीत कोण्या एका देशाची नव्हे.

थॉर्पलाही ती चुकली नाही. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पंचक्रीडा व दशक्रीडा या दोन्हींत त्याने सुवर्णपदके मिळविली. परंतु पूर्वी त्याने उत्तर कॅरोलायनात अल्प मोबदला घेऊन बेसबॉल खेळल्याचे उघडकीस आले आणि १९१३ साली पदके काढून घेण्यात आली. आपणांस हे ठाऊकच नव्हते, असे शाळेने कळविले. तक्रार तीस दिवसांच्या आत करावी हा नियम कोणी पाहिला नाही. त्याच नियमाच्या आधारे १९८२ साली निर्णय फिरविला गेला आणि २०२२ साली तो एकमेव विजेता म्हणून नोंदला गेला. थॉर्प मात्र १९५३ सालीच निवर्तला होता.

१९१४ साली, विद्यार्थ्यांनीच अर्ज केल्यावरून, अमेरिकेच्या काँग्रेसने शाळेच्या कारभाराची चौकशी केली. अर्ज नेण्यात गस वेल्श हा संघातील खेळाडू पुढे होता. मैदानावर धैर्य शिकलेला मुलगा कार्यालयातही ताठ उभा राहू शकतो, ते असे. १९१८ साली शाळा बंद झाली. तोवर १४० हून अधिक जमातींची सुमारे ७,८०० मुले तेथे येऊन गेली होती. कित्येक तेथेच वारली. २०१७ पासून त्यांतील काहींचे अवशेष त्यांच्या आप्तांकडे परत जाऊ लागले. हार्वर्डवरील विजयाचे वर्णन वाचताना ती दफनभूमी विसरता कामा नये.

आता प्रयोजन सांगतो. मी बत्तीस वर्षे शिक्षक होतो. एका वर्षी डोंगरपट्टीतील एक मुलगा माझ्या वर्गात आला. तो घरच्या बोलीत उत्तर देई. उत्तर बरोबर असे. मी मात्र ते सर्वांदेखत त्याच्याच चालीवर म्हणून दाखवी आणि वर्ग हसे. शुद्ध भाषा शिकविणे हे माझे कर्तव्य, अशी माझी समजूत होती. दिवाळीनंतर तो उत्तर देईनासा झाला, आणि पुढल्या वर्षी शाळेत आलाच नाही. त्याची भाषा सुधारली की नाही ते मला कळले नाही. त्याचे शिक्षण माझ्यामुळे सुटले, एवढे कळते.

आपल्या वसतिगृहात दर जूनमध्ये खेड्यापाड्यांतून मुले येतात. त्यांना गणित, इंग्रजी, खेळ, स्वच्छता सर्व काही द्यावे. दोन वेळचे पोटभर अन्न द्यावे. परंतु त्याच्या मोबदल्यात त्यांची बोली, त्यांच्या आजीच्या ओव्या आणि आईबापांविषयीचा अभिमान आपण मागून घेऊ नये. व्यवस्थापक मंडळास माझी विनंती आहे की, शनिवारच्या सभेत मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत बोलू द्यावे, आणि कोणी हसल्यास प्रथम हसणाऱ्यास समज द्यावी. खेळाचे साहित्य घेण्याकरिता माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती रक्कम चिटणिसांकडे पोहोचती केली आहे, ती गोड मानून घ्यावी.