सीडर नदीचें खोरें आणि जमिनीची अदलाबदल

६ जून १८८९ रोजीं अमेरिकेच्या वायव्य टोंकास असलेल्या सिअ‍ॅटल शहराची बाजारपेठ एका दिवसांत जळून खाक झाली. पाणी पुरविण्याचें काम तेव्हां खासगी कंपनीकडे होतें आणि ऐन वेळीं नळांचा जोर ओसरला. राख निवते न निवते तोंच, ८ जुलै रोजीं, नागरिकांनीं स्वतःची पाणीयोजना करावी असा कौल दिला. अनुकूल मतें १,८७५, प्रतिकूल अवघीं ५१! शहराचे इंजिनियर टॉमसन यांनीं कॅस्केड पर्वतांतून उतरणाऱ्या सीडर नदीचा आग्रह धरला, आणि १० जानेवारी १९०१ रोजीं तिचें पाणी केवळ उताराच्या बळावर शहरांत आलें.

पाणी आलें, पण तें ज्या डोंगरांवरून येत होतें ते डोंगर शहराचे नव्हते. त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. १८६४ सालीं तेथील संसदेनें नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीस लोहमार्ग बांधण्याच्या मोबदल्यांत जमिनी बहाल केल्या, परंतु त्या सलग नव्हत्या. मुलुखाचे एकेक चौरस मैलाचे चौकोन आंखून विषम आंकड्यांचे कंपनीस दिले आणि सम आंकड्यांचे सरकारनें राखले. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसूं लागला. कंपनीचे चौकोन पुढें लांकूड कंपन्यांच्या हातीं गेले, सरकारी चौकोनांवर वनखात्याचा अंमल बसला. एका चौकोनांतील कुऱ्हाडीनें मोकळी झालेली माती पावसाबरोबर दुसऱ्याच्या ओढ्यांत जाई, आणि तिसराच मालक असलेलें शहर तें पाणी पिई.

शहरानें चौकोनामागून चौकोन मिळविण्यास आरंभ केला. कधीं हें संपादन नाइलाजानेंही झालें. १९१५ सालीं नव्या धरणाचें पाणी जमिनीखालून झिरपून मॉंक्टन नांवाच्या लहानशा गांवांत वर आलें. घरें बुडालीं, आणि ती जागा शहरास घ्यावी लागली. आज तेथें एक सरोवर आहे.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाणी शुद्ध राखणें आणि अरण्य राखणें हीं एकच कामें आहेत असें आपण सहज धरून चालतों. सिअ‍ॅटलनें तसें धरलें नाहीं. १९४४ सालीं तज्ज्ञांच्या मंडळानें अभिप्राय दिला कीं, आरोग्याचे नियम पाळून केलेल्या तोडीनें पाण्यास बाध येत नाहीं. तेव्हां कंपन्या तोडीत राहिल्या. शहरही स्वतःच्या जमिनीवरील लांकूड विकत राहिलें. खोऱ्याचें क्षेत्र ९०,६३८ एकर. त्यांत पुरातन अरण्य आज उरलें आहे तें सुमारें १४,००० एकर. बाकीच्या भूमीवर एकदां तरी कुऱ्हाड फिरली आहे.

उरलेल्या सरकारी चौकोनांसाठीं १९९२ सालीं संसदेनें खास कायदा केला. शहरानें खोऱ्याबाहेरील आपल्या जमिनी वनखात्यास द्याव्या आणि खात्यानें खोऱ्यांतील आपल्या जमिनी शहरास द्याव्या, असा तो व्यवहार. अशा अदलाबदलींत एकरास एकर मोजीत नाहींत, किंमतीस किंमत मोजतात. आणि उभ्या अरण्याची किंमत बाजार कशी ठरवितो? त्यांतील लांकडावरून! म्हणजे जीं झाडें कधींच पाडूं नयेत म्हणून जमीन घ्यावयाची, त्यांचें मोल मात्र तीं पाडलीं असें समजून करावयाचें. या हिशेबांत मला मोठा विपर्यास वाटतो. १९९६ सालीं व्यवहार पुरा झाला आणि सगळें खोरें एका मालकाचें झालें.

फळ दिसण्यास फार काळ लागला नाहीं. २००० सालीं शहरानें पन्नास वर्षांची योजना पत्करली आणि व्यापारी तोड कायमची बंद केली. पटाचे चौकोन निरनिराळ्या हातीं असते तर असा निर्बंध अर्ध्या डोंगरावर लागू झाला असता आणि उरलेल्या अर्ध्यावर करवत चालली असती. विहार व तुळशी यांचें पाणी पिणाऱ्या मुंबईकरांस याचें महत्त्व सांगावयास नको. त्या तलावांभोंवतीं राष्ट्रीय उद्यानाचें रान आहे.

तक्रारीस मात्र जागा आहे. जी भूमि सर्व राष्ट्राची होती ती एका शहराची झाली, आणि शहरानें तिचीं दारें लोकांस बंद ठेविलीं. नदीवर पिढ्यान् पिढ्या मासे धरणाऱ्या मकलशूट जमातीशीं पाण्याविषयीं करार व्हावयास २००६ साल उजाडलें.

माशांचा प्रश्न तर अजून अर्धाच सुटला आहे. लँड्सबर्गच्या बंधाऱ्यानें १९०१ पासून सामन मासे वर चढण्याचें थांबलें होतें. २००३ सालीं त्यांना पायऱ्यांची वाट करून दिली. चिनूक आणि कोहो या जाती आतां वरच्या प्रवाहांत जातात. सॉकाय जातीस मात्र मनाई आहे. ते हजारोंनीं येतात, अंडीं घालून तेथेंच मरतात, आणि इतकीं शवें पिण्याच्या पाण्यांत कुजणें शहरास परवडत नाहीं. म्हणून दर वर्षीं ते बंधाऱ्यापाशीं निवडून अडविले जातात.