ड्रॅग रेसचं टायमिंग: स्लिपवरचा आकडा आणि फोनवरचा आकडा वेगळा का येतो?

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, एक सरळ पट्टा आणि 402 मीटर अंतर, म्हणजेच पाव मैल. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही अशी रेस होत आली आहे, आणि हौशी मंडळी आपल्या रोजच्या गाड्या घेऊन तिथे उतरतात. एका वीकेंडला लालबागहून आम्हीही चौघं गेलो. 220 सीसीची एक बाईक, चालवायला आमच्या चाळीतला दादा आणि आकडे टिपायचं काम माझ्याकडे. दादाच्या जॅकेटच्या दोन खिशांत दोन फोन, दोन्हींवर टायमिंगचं एकच ॲप.

पहिल्या धावेची अधिकृत स्लिप: 17.21 सेकंद. एका फोनवर 16.6, दुसऱ्यावर 17.4. बाईक तीच, रायडर तोच!

आधी स्लिप कशी बनते ते बघू. स्टार्ट लाईनवर पट्ट्याला आडवे प्रकाशकिरण सोडलेले असतात. पुढचं चाक किरणात आलं की बाजूच्या खांबावरचे वरचे दिवे लागतात. मग पिवळे, मग हिरवा. हिरव्याआधी सुटलात तर लाल, धाव बाद. पण गंमत पुढे आहे. धावेचं घड्याळ हिरवा लागल्यावर सुरू होत नाही, चाक किरणातून बाहेर पडल्यावर होतं. हिरवा लागून तुम्ही दोन सेकंद झोपलात तरी 402 मीटरची वेळ तीच येते. झोपेचे दोन सेकंद रिॲक्शन टाइम म्हणून वेगळे छापले जातात. त्यामुळे कमी वेळेत अंतर कापणारा रायडरसुद्धा रेस हरू शकतो.

आणखी एक बारकावा: चाक गोल असल्यामुळे किरण मोकळा होईपर्यंत गाडी साधारण 30 सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. हे अंतर घड्याळात धरलं जात नाही. शून्यापासून मोजणारं ॲप ते धरतं, आणि फरक दोन-तीन दशांश सेकंदांचा पडतो. चांगल्या ॲपमध्ये 'रोलआउट' नावाचा पर्याय असतो, तो यासाठीच.

उरलेला गोंधळ जीपीएसचा. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच नवं लोकेशन देतात. ताशी 100 किमी वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर जाते. मधलं सगळं ॲप अंदाजाने भरतं, आणि नेमकी सुटण्याची वेळ त्या अंदाजात हरवते. उलट, शेवटचा वेग मात्र फोनने बरोबर दिला: स्लिपवर 120, फोनवर 119. कारण उपग्रहाच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी किती सरकली त्यावरून जीपीएस थेट वेग काढतं, आणि वेग फारसा बदलत नसताना ते काम छान होतं. (बाईकचा स्पीडोमीटर 127 म्हणत होता. तो थोडा जास्तच दाखवतो, सगळ्यांचाच.)

मग फोनचा ॲक्सेलरोमीटर वापरू, तो सेकंदाला शंभर वेळा मोजतो, असं कुणी म्हणेल. पण सुटताना बाईकचं नाक वर उठतं. फोन फक्त 2 अंश कलला तरी गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग वेग समजून मोजला जातो, आणि 10 सेकंदांत ही चूक ताशी 12 किमीपर्यंत जाते. पक्का आकडा हवा असेल तर सेकंदाला 10 वेळा किंवा जास्त मोजणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्या, तो ब्लूटूथने फोनला जोडता येतो. आणि फोन हँडलवर लावू नका. इंजिनच्या जोरदार थरथरीने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये स्वतःच दिला होता.

आमच्या भागातली पोरं हेच ॲप रात्री रस्त्यावर वापरतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. परळ-लालबागच्या टॉवरांमध्ये सिग्नल काचांवर आपटून उशिरा पोचतो. तिथला '0 ते 100' चा स्क्रीनशॉट धावपट्टीवरच्यापेक्षाही कच्चा. त्यात ईस्टर्न फ्रीवे आणि कोस्टल रोडवर बाईकला मुळात बंदी, आणि रस्त्यावर रेस लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली पहिल्याच वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चुकीच्या आकड्यासाठी जीव पणाला लावणं मला तरी पटत नाही.

घाटावरचा आकडा मुंबईशी ताडूनही बघू नका. लोणावळा समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या वर आहे, हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनाला ताकद थोडी कमीच मिळते.

स्लिपवरचा सगळ्यात कामाचा आकडा पहिल्या 60 फुटांचा, म्हणजे 18.3 मीटरचा. दादाचा तो 2.71 वरून तिसऱ्या धावेत 2.48 झाला आणि एकूण वेळ 17.21 वरून 16.92. शेवटचा वेग वाढला फक्त 1 किमीने. म्हणजे ताकद तीच, क्लच सोडणं सुधारलं.

हे शिकायला फोनचा कॅमेरा मात्र भारी. कुंपणामागून 240 फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या, खांब आणि पुढचं चाक दोन्ही दिसू द्या. हिरवा लागलेल्या फ्रेमपासून चाक हललेल्या फ्रेमपर्यंत मोजा. 96 फ्रेम म्हणजे 0.4 सेकंद. भरपूर उजेडात घ्या. अंधारात काही फोन फ्रेम आपोआप कमी करतात आणि हिशोब चुकतो.