पाण्याचे पंचांग



इंडोनेशियातील बाली बेटावर भातशेतीच्या पाण्याची वाटणी करणाऱ्या संस्थेस ‘सुबाक’ म्हणतात. आपल्या ‘सुबक’ शब्दाशी तिचे केवळ ध्वनिसाम्य आहे. तथापि पायरीपायरीने डोंगर उतरणारी तेथील खाचरे पाहताना तो शब्द आठवल्यावाचून राहत नाही. अकराव्या शतकातील कोरीव लेखांत या संस्थेचा उल्लेख सापडतो. एका पाटाचे पाणी घेणारे शेतकरी, मग ते कोणत्याही गावचे असोत, एका सुबाकाचे सभासद होत.

या व्यवस्थेत पाण्याच्या वाटांवर लहानमोठी देवालये आहेत आणि सर्वांच्या वर बातुर सरोवराच्या देवी दानूचे मंदिर. १९२६ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात बातुर गाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा हे मंदिर विवराच्या कडेवर पुन्हा उभारण्यात आले. देवालयांचे उत्सव २१० दिवसांच्या पंचांगाने चालतात, आणि लावणी कोणी केव्हा करावयाची हे देवळाच्या बैठकीत ठरते.

येथे एक प्रश्न उद्भवतो. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने खालच्यास पाणी का सोडावे? केवळ देवीच्या धाकाने, असे म्हणून भागत नाही. वरच्याला पाण्याची चिंता नसली, तरी किडीची असते. शेजारची खाचरे एकाच वेळी कापून पाण्याखाली मोकळी ठेवली, तर किडीस अन्न उरत नाही. खालचे शेतकरी या वेळापत्रकात यावेत म्हणून वरचे पाणी सोडतात. भक्ती आणि व्यवहार येथे वेगळे काढता येत नाहीत.

१९७० नंतरच्या दशकात हरितक्रांती आली. नवे बियाणे लवकर पिके. सरकारने शेतकऱ्यांस शक्य तितक्या वेळा पीक घेण्यास सांगितले. देवळांचे वेळापत्रक मोडले. थोड्याच वर्षांत पाण्याचा गोंधळ माजला व किडींचा उपद्रव वाढला. नव्या वाणांनी उत्पन्न वाढविले हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंडोनेशिया १९८४ साली तांदळात स्वयंपूर्ण झाला. तज्ज्ञांची चूक बियाण्यात नव्हती. ज्यास त्यांनी कर्मकांड मानले ते पाटबंधाऱ्यांचे व्यवस्थापन होते, हे त्यांना दिसले नाही.

ते दाखविले अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी. जेम्स क्रेमर यांच्यासह त्यांनी दोन नद्यांच्या खोऱ्यांतील १७२ सुबाकांचे संगणकीय प्रतिरूप रचले. प्रत्येकाने स्वतंत्र लावणी केली तर कीड वाढे. सर्वांनी एकदम केली तर पाणी अपुरे पडे. सर्वाधिक पीक आले ते देवळांच्या जाळ्याशी जुळणाऱ्या मधल्या मेळात.

मात्र मोडलेले सारेच परत आले नाही. बालीचा जुना उंच भात पिकण्यास पाच-सहा महिने घेई. तो बहुतेक ठिकाणांहून गेला. बातुकारू पर्वताच्या उतारावरील जातिलुविह येथे तांबडा तांदूळ अद्याप होतो. तो कढईत मंद आचेवर गडद होईतो भाजून, कढत पाण्यात मुरवून चहासारखा घेतात. चहाची पत्ती त्यात नसते. वास खरपूस असतो. २०१२ साली युनेस्कोने सुबाकाची ही भूमी जागतिक वारशात घेतली. पर्यटक येतात, हा तांदूळ व ही पेयाची पुडी विकत नेतात. त्याच पर्यटकांच्या निवासांसाठी बालीची खाचरे विकली जात आहेत आणि पाटांचे पाणी तिकडे वळत आहे.