नोंथबुरीची आरोग्यशाला

बँकॉकच्या उत्तरेस, चाओ फ्राया नदीच्या काठी, एके काळी दुरियनच्या बागांसाठी नामांकित असलेले आणि आता राजधानीचे उपनगरच होऊन गेलेले नोंथबुरी नावाचे शहर आहे. तेथे थायलंडच्या आरोग्यखात्याच्या आश्रयाने चालणाऱ्या सरकारी संस्थेचे नाव 'फ्रा बोरोमराच्छनोक' असे असून, थाई उच्चारांचा पडदा दूर सारला तर ही नावे मराठी वाचकास घरचीच वाटतील. नोंथबुरी ही नंदपुरी, बोरोमराच्छनोक म्हणजे परमराजजनक. आणि ज्या खात्याची ही संस्था, त्या 'साथारणसुक' खात्याच्या नावात आपले 'साधारण सुख' हे शब्द, साधारण म्हणजे सर्वांचे या मूळ अर्थासह, जसेच्या तसे उभे आहेत.

सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, सरकारी रुग्णसेवेचा उगम एका पुत्रशोकात आहे. राजे चुलालाँगकोर्न यांचा अल्पवयीन पुत्र सिरिराज 1887 मध्ये हगवणीने दगावला, तेव्हा त्याच्या अंत्यसंस्काराच्या मंडपांचे लाकूड राजाने इस्पितळ उभारण्यास दिले, आणि 1888 मध्ये त्याच बालकाच्या नावाने ते रुग्णांसाठी खुले झाले. बाळंतिणीस दिवसचे दिवस विस्तवाशेजारी निजवून ठेवण्याची 'यू फाय' ही रूढी त्या मुलुखात सर्वत्र होती. चुलालाँगकोर्न यांच्या राणी साओवफा यांनी ती स्वतः सोडली, आणि 1896 मध्ये सुईणी व परिचारिकांची शाळा त्यांच्याच पुढाकाराने निघाली. रूढी मोडावयाची तर प्रथम राणीवशातच मोडावी, हे ज्या स्त्रीला कळले, तिची योग्यता मी कोणत्याही आरोग्याधिकाऱ्याहून कमी मानीत नाही.

याच शाळेत पुढे, वयाच्या तेराव्या वर्षी, संगवान नावाची एक मुलगी दाखल झाली. ती 1900 साली नोंथबुरीतच जन्मलेली, सामान्य घरातली, बालपणीच पोरकी झालेली. 1917 मध्ये विद्यावेतनावर ती अमेरिकेस गेली, आणि तेथे चुलालाँगकोर्न यांचे पुत्र महिडोल यांच्याशी तिचा परिचय होऊन 1920 मध्ये विवाह झाला. महिडोल जर्मनीत आरमारी शिक्षण घेऊन आलेले. परंतु सिरिराज इस्पितळाची दैन्यावस्था पाहून त्यांनी आरमार सोडले, हार्वर्ड येथे 1921 मध्ये सार्वजनिक आरोग्याचे प्रमाणपत्र व 1928 मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली, आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाशी वाटाघाटी करून स्वदेशातील वैद्यकशिक्षणास नवे वळण दिले. राजपुत्रपण आड आल्यामुळे राजधानीच्या इस्पितळात उमेदवारी करणे त्यांना शक्य झाले नाही, म्हणून 1929 मध्ये ते दूरच्या चियांग माय येथील मॅककॉर्मिक इस्पितळात गेले आणि तेथे 'मो चाओ फा', म्हणजे राजपुत्र वैद्य, या नावाने ओळखले जाऊ लागले. पण काही आठवड्यांतच बँकॉकला परतावे लागले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. आनंद महिडोल व भूमिबल हे त्यांचे दोन्ही पुत्र राजे झाले. महिडोल यांच्या परमराजजनक व संगवान यांच्या परमराजजननी या उपाधींचे कारण तेच.

1942 मध्ये आरोग्याचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाल्यावर आरोग्यसेवेसाठी माणसे घडविण्याचे काम निरनिराळ्या विभागांत विखुरलेले राहिले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते एका छत्राखाली आणून त्याला महिडोल यांचे नाव दिले गेले, आणि 2019 च्या कायद्याने पदव्या देण्याची सनद मिळाल्यावरही ही संस्था आरोग्यखात्याच्याच अंमलाखाली ठेवण्यात आली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. कारण ज्या खात्यास आपल्या दवाखान्यांतील रिकाम्या जागा रोज दिसतात, त्यानेच विद्यार्थी निवडावेत, शक्य तोवर ज्या जिल्ह्याची गरज त्याच जिल्ह्यातून निवडावेत, आणि शिक्षण संपताच त्यांना तेथे परत पाठवावे, हा व्यवहार केवळ विद्येच्या कीर्तीवर दृष्टी असलेल्या विद्यापीठाकडून होणे कठीण.

संस्थेची परिचर्या महाविद्यालये प्रांतोप्रांती पसरली असून त्यांतील बहुतेकांच्या नावात 'बोरोमराचचोननी', म्हणजे परमराजजननी, हे पद आहे; सार्वजनिक आरोग्याच्या महाविद्यालयांना राजकन्या सिरिंधोर्न यांचे नाव आहे. तेथून बाहेर पडणारी मुले-मुली ज्या ग्रामकेंद्रांवर जातात, त्यांची नावेही काळानुसार बदलत गेली: प्रथम 'ओसोतसाला', म्हणजे औषधशाला, मग 'सुकसाला', सुखशाला, आणि पुढे 'सथानी अनामय', अनामयाचे स्थानक. अनाथ म्हणून सुईणपण शिकावयास गेलेल्या नोंथबुरीच्या त्या मुलीचे नाव घेऊन आज कुठल्याशा खेड्यातील एखादी मुलगी परिचर्या शिकते, आणि आपल्याच गावच्या आरोग्यकेंद्रात कामावर रुजू होते.