गोव्याचे शाही इस्पितळ

इ. स. १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकेर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा हस्तगत केल्यावर मांडवीच्या काठी जे शाही इस्पितळ उभे राहिले, ते मुख्यतः लिस्बनहून निघून महिनोन् महिने सागरावर काढलेल्या, हिरड्या सुजून अंगातील त्राण हरपलेल्या पोर्तुगीज शिपायांसाठी होते. त्याचा कारभार प्रथम राजाच्या अंमलदारांकडे, मग मिजेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेकडे आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट पाद्र्यांकडे गेला.

१६०८ साली रुग्णावस्थेत येथे दाखल झालेला फ्रेंच प्रवासी पिरार्द याने स्वच्छ शय्या, चांदीच्या पात्रांतून मिळणारे भोजन आणि वैद्यांची नित्य तपासणी यांचे असे वर्णन केले आहे, की जगात याहून उत्तम इस्पितळ नसावे असेच वाचकास वाटावे. परंतु त्यापूर्वी पाच वर्षे गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन याच इस्पितळात दरसाल सुमारे ५०० माणसे दगावत असल्याचे नमूद करतो. या दोन्ही साक्षी खऱ्या मानल्या, तर वैभव आणि मृत्यू एकाच छपराखाली कसे नांदले, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर इस्पितळाच्या भिंतींबाहेर शोधावे लागते. १५४३ मध्ये पटकीने थैमान घातलेल्या त्या दाट वस्तीच्या शहरात सांडपाण्याचा निचरा होत नसे. सच्छिद्र जांभ्या जमिनीतून मैला विहिरींत झिरपे, आणि बऱ्या झालेल्या शिपायास बाहेर पडताच तेच पाणी प्यावे लागे. रक्तमोक्षणावर विसंबलेल्या युरोपीय वैद्यकाहून येथील वैद्यांवर खुद्द विजरई व आर्चबिशप यांचाही अधिक विश्वास होता, असे लिन्स्खोटेनच सांगतो. तरीही १६१८ मध्ये नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या ३० वर मर्यादित केली.

रोगराईने शहर ओस पडू लागले, तसे अठराव्या शतकात इस्पितळही पणेलीस हलले. १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा स्थापन होऊन एतद्देशीय तरुण रीतसर वैद्यक शिकू लागले, आणि १९६३ पासून तीच परंपरा गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने पुढे चालविली. पात्रांवर चांदी खर्चणाऱ्या राज्याने तोच पैसा विहिरींच्या व गटारांच्या व्यवस्थेवर लावला असता, तर कित्येक शिपायांना त्या शय्येवर निजण्याची वेळच आली नसती. म्हणून कोणत्याही नगराच्या आरोग्याची परीक्षा त्याच्या इस्पितळाच्या थाटावरून नव्हे, तर त्याच्या पाण्यावरून करावी.